जुन्या म्हाडा कॉलनीत रूम घेताय? टाइल्स नंतर बघा, आधी शेअर सर्टिफिकेट उलटं करून बघा

मागच्या रविवारी आमच्या बिल्डिंगमध्ये एक तरुण जोडपं दुसऱ्या मजल्यावरची रूम बघायला आलं होतं, जिन्यात गाठ पडली. त्यांनी किचनचा ओटा बघितला, टाइल्स बघितल्या, गॅलरीतून हायवे दिसतो का ते बघितलं, आणि ब्रोकर "मॅडम दोन वर्षात टॉवर, एरिया डबल" म्हणाला तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून हसले. शेअर सर्टिफिकेट, म्हणजे त्या रूमचा सोसायटीतला सभासद कोण ते सांगणारा कागद, कुणाच्या नावावर आहे हे मात्र एकदाही विचारलं नाही. मी तोंड उघडणार होते पण ब्रोकर समोर उभा, आणि मालकीणबाईंचं नि आमचं हळदीकुंकवाचं जाणंयेणं, म्हणून गप्प बसले. घरी आल्यावर वाटलं की आता लिहूनच टाकावं, कारण पाच वर्षांपूर्वी मीही अगदी तशीच टाइल्स बघत होते आणि त्यात माझे चार महिने आणि बरीच झोप गेली.

मी राहते विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरमध्ये. पण हे सगळं थोड्याफार फरकाने टागोर नगर, घाटकोपरचं पंतनगर, चेंबूरचं टिळक नगर-सुभाष नगर, कुर्ल्याचं नेहरू नगर, सगळीकडे लागू पडेल. मोतीलाल नगर आणि अभ्युदय नगरचं सोडा, तिथे म्हाडाने अख्ख्या वसाहतीचा एकत्र पुनर्विकास हातात घेतलाय, ते गणितच वेगळं आहे.

थोडा इतिहास, कंटाळा करू नका, कागदांचा घोळ इथूनच सुरू होतो

दुसरं महायुद्ध संपलं, लगेच फाळणी झाली, मुंबईत निर्वासित आणि गिरण्या-कारखान्यांत कामाला आलेली माणसं मावेनात, म्हणून १९४८ मध्ये बॉम्बे हाउसिंग बोर्ड निघालं. मग १९५२ ची औद्योगिक कामगारांसाठीची घरांची योजना, १९५४ ची कमी उत्पन्न गटाची, असं करत शहराच्या तेव्हाच्या टोकाला लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली बिल्डिंगांच्या रांगा उभ्या राहिल्या. म्हाडा नंतरची, १९७६ चा कायदा आणि १९७७ च्या डिसेंबरात सुरुवात. आमच्या कॉलनीला नाव आहे ते राज्याचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं.

आता यातला मुद्दा असा की यातल्या बऱ्याच खोल्या सुरुवातीला विकलेल्याच नव्हत्या. कुठे भाड्याने, कुठे हप्त्याने. मालकी नंतर आली, सोसायट्या नंतर झाल्या, मग बिल्डिंगचं सेल डीड आणि जमिनीचं लीज डीड सोसायटीच्या नावे झालं. काही बिल्डिंगांचं तेही अजून झालेलं नाही. मधल्या काळात माणसं रिटायर होऊन गावी गेली, खोल्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिल्या, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर दिल्या, मेव्हण्याला तोंडी दिल्या. म्हणून एकाच गल्लीत शेजारशेजारच्या दोन बिल्डिंगांमध्ये सारख्याच रूमच्या भावात दहा-बारा लाखांचा फरक दिसला तर "अरे ही स्वस्त मिळतेय" म्हणून उड्या मारू नका. स्वस्ताईचं कारण बहुतेक वेळा फाईलमध्ये असतं.

पहिलं काम: नक्की काय विकायला काढलंय ते ओळखा

ब्रोकर सगळ्यालाच "म्हाडाची रूम" म्हणतो, पण आत वेगवेगळे प्रकार आहेत. एक म्हणजे जुन्या बिल्डिंगमधली रूम, कन्व्हेयन्स (म्हणजे वर सांगितलेलं सोसायटीच्या नावचं सेल डीड-लीज डीड) झालेलं, सोसायटी व्यवस्थित, विकणाऱ्याच्या नावावर शेअर सर्टिफिकेट आणि मागचे सगळे करार रजिस्टर्ड. हीच शोधायची. दुसरी, कन्व्हेयन्स न झालेली बिल्डिंग. इथे म्हाडाच्या मिळकत व्यवस्थापकाच्या रेकॉर्डला विकणाऱ्याचं नाव आहे का हे बघावं लागतं, नसेल तर आधी त्याने स्वतःच्या नावावर नियमित करून घ्यावं आणि मग विकावं. "तुम्ही घ्या मग दोघांचं एकदमच करू" याला होकार देऊ नका.

तिसरी म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवाली. यावर सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच, सूरज लँप प्रकरणात, स्पष्ट सांगितलंय की नुसत्या जनरल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीने घराची मालकी बदलत नाही. तरी अजून "इकडे सगळं असंच चालतं ताई" असं सांगणारे भेटतात. चालत असेल, पण बँक लोन देणार नाही आणि उद्या रिडेव्हलपमेंटच्या यादीत नाव मूळ माणसाचंच येणार, तेव्हा त्याचा नातू कुठून तरी उगवतो.

आणि चौथी, रिडेव्हलप झालेल्या टॉवरमधला फ्लॅट. महाग असतो, मेंटेनन्सही जास्त, पण लिफ्ट असते आणि बँक पटकन होकार देते. फक्त ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा दाखला) आहे का ते बघा. लॉटरीतलं घर हा पाचवा प्रकार म्हणता येईल, ते पहिली पाच वर्षं विकता येत नाही, त्यामुळे "आत्ता पैसे द्या, पाच वर्षांनी नावावर करू" म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

पैशाचं गणित, जे मी उलटं केलं होतं

आमचा समज असा की २० टक्के आपले, बाकी बँकेचे, झालं. कागदावर ते बरोबर आहे, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. पण स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत, ते आपल्या खिशातून.

५५ लाखांची रूम धरा. लोन ४४, आपले ११. मुंबईत स्टॅम्प ड्युटी ५ टक्के अधिक १ टक्का मेट्रो सेस, म्हणजे ३ लाख ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट, मग २ लाख ७५ हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. ब्रोकर १ टक्का म्हणाला तर ५५ हजार (दोन मागतो, घासाघीस करा). वकील, सर्च, पेपरातली नोटीस मिळून ४० हजार धरा, बँकेची प्रोसेसिंग वगैरे २५, सोसायटीचं ट्रान्सफर २५-२६. आणि जुनी रूम आहे म्हटल्यावर वायरिंग, प्लंबिंग आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करावंच लागतं, त्याचे कमीत कमी ३ लाख. बाईच्या नावाची सूट धरून सगळं मिळून खिशातले साडेअठरा लाख. अकरा नव्हे.

आणि खरा झटका पुढे आहे. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो वाढवलेली गॅलरी, ग्राउंड फ्लोअरला पुढे काढलेली खोली, यातलं काहीच मोजत नाही, मंजूर प्लॅनमध्ये आहे तेवढंच मोजतो. आमच्याकडे त्याने ५५ च्या जागी ४८ लाख व्हॅल्युएशन टाकलं. ४८ चे ८० टक्के ३८ लाख ४० हजार, म्हणजे आणखी ५ लाख ६० हजारांचा खड्डा, आणि टोकन देऊन झालेलं. आईच्या पाटल्या मोडल्या तेव्हा. वरून बिल्डिंग जुनी म्हणून बँका लोनची मुदतही कापतात, स्ट्रक्चरल रिपोर्टमध्ये बिल्डिंगचं उरलेलं आयुष्य किती लिहिलंय त्यावर. ४४ लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांना साधारण ३८ हजार बसतो, तोच १२ वर्षांना ४९ हजारांच्या जवळ जातो. तेव्हा रूम बघायच्या आधी दोन-तीन बँकांत जाऊन बिल्डिंगचा नंबर सांगून सरळ विचारा की या बिल्डिंगला तुम्ही लोन देता का, आधी कुणाला दिलंय का. ज्या बिल्डिंगमध्ये गेल्या दोन वर्षात एखादं लोन झालंय तिथे निम्मं काम सोपं होतं.

बाईच्या नावावर घेण्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. मी एकटीच्या नावावर घेतलं, एक टक्का वाचला, नवरा लोनमध्ये को-अ‍ॅप्लिकंट. पण तो मालक नाही म्हणून त्याला व्याजाची इन्कम टॅक्स सवलत घेता येत नाही, हप्ता त्याच्या पगारातून गेला तरी. दोघं कमावते असाल आणि जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असाल तर आधी कागदावर दोन्ही आकडे मांडा.

रूम बघायला कधी जायचं

जुलैत. शक्य नसेल तर निदान पावसाळा संपता संपता, भिंतीवरचे डाग पुट्टीने झाकायच्या आत. आणि एकदा नाही, तीनदा जा. एकदा पाणी येण्याच्या वेळेला, आमच्याकडे पहाटे साडेचारला येतं आणि सहाला जातं, हे मला राहायला आल्यावर कळलं. एकदा रात्री नऊनंतर, पार्किंग आणि गल्लीतली गर्दी बघायला. एकदा ब्रोकरशिवाय. खाली वाण्याकडे काहीतरी घ्या, इस्त्रीवाल्याशी बोला, कुठली बिल्डिंग भांडणात आहे हे इस्त्रीवाल्याला सेक्रेटरीच्या आधी कळतं हे मी अनुभवाने सांगते. कुर्ला, चेंबूर भागात असाल तर २६ जुलै २००५ ला पाणी कुठपर्यंत चढलं होतं हे म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

मजला निवडताना, सगळ्यात वरचा असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का बघा, नसेल तर गळती असणारच. तळमजल्याला ड्रेनेज उलटं येण्याचा त्रास, आणि पुढे वाढवलेल्या खोलीचे पैसे विकणारा मागतो, ते देऊ नका, ती खोली कागदावर नाही. तिसरा-चौथा मजला स्वस्त मिळतो पण लिफ्ट नाही, घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर स्वस्त कसलं.

आत गेल्यावर हे करा. मोबाईलचा टॉर्च लावून बाथरूमची आणि संडासाची छतं बघा, वरच्या मजल्याची गळती तिथेच दिसते. बीमवर लांबीच्या दिशेने चीर गेली असेल आणि कडेला तांबूस गंज असेल तर आतली सळई फुगलीय. स्लॅबला काठीने टकटक करा, पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. जिन्याखाली आणि पॅसेजमध्ये लोखंडी टेकू लावलेत का ते बघा. आमच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये टेकूंना रंग देऊन वर मनी प्लँट सोडलाय, बघणाऱ्याला डिझाइनच वाटतं.

तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, तर त्याचा रिपोर्ट मागा. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती, सी-३ किरकोळ. सी-१ असेल तर घर घेतल्या घेतल्या भाड्याच्या घरात जायची तयारी ठेवा. "रिपोर्ट आहे पण चेअरमनकडे आहे आणि चेअरमन गावी गेलेत" हे उत्तर आलं तर चेअरमन परत येईपर्यंत थांबा.

कागद, आणि इथे घाई करायची नाही

पहिला डील माझा इथेच फुटला. रूम दुसऱ्याच एका कॉलनीतली, उजेड छान, बिल्डिंग बरी, मालक गोड बोलणारे. ५१ हजार टोकन देऊन मोकळे झालो, एका साध्या पावतीवर. मग वकिलाने फाईल मागितली तेव्हा कळलं की रूम मूळ अलॉटमेंटमध्ये मालकांच्या वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, हे नॉमिनी म्हणून सोसायटीत लागलेले आणि त्यांना सख्खे तीन भावंडं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तेव्हा मला माहीतच नव्हतं. सोसायटी नॉमिनीचं नाव लावते पण घरावर हक्क सगळ्या वारसांचा, बाकीच्यांनी रजिस्टर्ड रिलीज डीड करून हक्क सोडल्याशिवाय तो एकटा विकू शकत नाही. रत्नागिरीची बहीण सही करेना, का करेना तो त्यांच्या घरचा इतिहास, आणि माझे ५१ हजार परत यायला चार महिने गेले. तेही शेवटी तीन हप्त्यांत.

म्हणून आता क्रम असा ठेवा की टोकन देण्याआधी झेरॉक्स. फाईलमध्ये मूळ अलॉटमेंट लेटर हवं, तिथून आजच्या मालकापर्यंतचे सगळे करार हवेत, प्रत्येकाची रजिस्ट्रेशनची पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी ऑफिसातला कराराचा गोषवारा). मधला एक जरी करार गहाळ असला तर साखळी तुटली, बँक तिथेच थांबते. कुणी वारलं असेल तर मृत्यूचा दाखला आणि रिलीज डीड. सोसायटीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, सेल डीड, लीज डीड, त्यात लीज किती वर्षांचं आणि कधी संपतंय, आणि रूम विकताना म्हाडाची परवानगी घ्यायची अट आहे का, हे वकिलाकडून वाचून घ्या, स्वतः वाचलं तर डोळे फिरतात.

शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू नीट बघा. पुढे पहिल्या सभासदाचं नाव, मागे तक्ता असतो आणि प्रत्येक ट्रान्सफरची तारीख, नाव आणि चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या. माझ्या रूमच्या सर्टिफिकेटवर तिसऱ्या ओळीत व्हाइटनर होता. विकणाऱ्या काकांनी शपथेवर सांगितलं की सेक्रेटरीने नाव चुकीचं लिहिलं होतं म्हणून खोडलं. खरं निघालं ते, पण मी शपथेवर नाही सोडलं, सोसायटीचं सभासदांचं आय रजिस्टर आणि जे रजिस्टर उघडायला लावलं, १९९६ ची मीटिंग शोधली, त्यात तेच नाव होतं, सेक्रेटरीकडून तसं पत्र घेतलं. काका आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हते, आता भेटले की चहा पाजतात.

इंडेक्स टूचा सर्च नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर स्वतः फुकट करता येतो, तेवढा करा, पण त्यावर भागवू नका, जुन्या नोंदी कधी कधी दिसत नाहीत, ३० वर्षांचा सर्च वकिलाच्या माणसाकडून करून घ्यायचा. दुसऱ्या कुठल्या बँकेत रूम गहाण आहे का याचा सरसाईवरचा (गहाणांची केंद्रीय नोंदणी) सर्च वेगळा. मग वकील एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात जाहीर नोटीस देतात, चौदा दिवस कुणाची हरकत येते का बघायला. नोटीस म्हटलं की विकणारे बिचकतात, "शेजारी काय म्हणतील". बिचकू देत. खूपच विरोध केला तर मात्र कान टवकारा.

सोसायटी पण विकत घेताय असं धरा

चाळीस घरांच्या बिल्डिंगमध्ये तुम्ही त्या चाळीस जणांशी पंचवीस वर्षांसाठी लग्न लावताय. सेक्रेटरीला भेटा, आणि शक्यतो रविवारी सकाळी त्यांच्या घरी, हातात पेढे नसले तरी चालतील. विचारायचं ते असं: या रूमची थकबाकी किती, मेंटेनन्स किती, दुरुस्तीच्या फंडात पैसे आहेत का, शेवटचं ऑडिट कधी झालं, कुठली कोर्टकेस चालू आहे का, म्हाडाचं काही देणं बाकी आहे का. उत्तरं कशी देतात ते पण बघा. जो सेक्रेटरी कपाटातून फाईल काढून समोर ठेवतो ती सोसायटी घ्या, जो "ते सगळं होईल हो" म्हणतो त्याला परत एकदा भेटा.

ट्रान्सफरच्या नावाखाली "बिल्डिंग फंड", "डोनेशन", "मंदिराचा रंग" असं काय काय मागतात. नियम असा की ट्रान्सफर फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० आणि महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार. त्यावर मागितलं तर लेखी मागा म्हणायचं, आवाज न चढवता. लेखी कुणी देत नाही. मंदिराच्या रंगाला मी स्वखुशीने दिले हजार रुपये, पण पावती फाडून.

रिडेव्हलपमेंटचं गाजर

इथे ब्रोकरचा आवाज मऊ होतो. "डबल एरिया" वगैरे. विकास नियंत्रण नियमावली २०३४ मधला ३३ (५) हा नियम म्हाडा कॉलन्यांसाठी आहे, त्यात जुन्या रहिवाशाला आत्ताचा कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) अधिक ३५ टक्के, आणि कमीत कमी ३५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३७७ चौरस फूट कार्पेट मिळतो, प्लॉट मोठा असेल तर त्यावर थोडा जादा. माझी रूम २३० फूट कार्पेट. त्यावर ३५ टक्के म्हणजे ३१० होतात, म्हणून किमान ३७७ लागू. डबल म्हणजे ४६०, ते नियमात नाही, बिल्डरने घासाघिशीत दिलं तर दिलं, आणि ते रजिस्टर्ड करारात आलं तरच खरं.

म्हणून विचारायचं ते "रिडेव्हलपमेंट आहे का" असं नाही, "कुठल्या पायरीला आहे" असं विचारा आणि त्या पायरीचा कागद मागा. चर्चा चालू आहे म्हणजे शून्य, आमच्याकडे मी यायच्या आधीपासून चर्चा चालू आहे. जनरल बॉडीत ठराव झाला असेल तर मिनिट्स दाखवा, एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. मग डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालंय का, म्हाडाचं ऑफर लेटर आलंय का, त्याचे पैसे बिल्डरने भरलेत का, बांधकाम परवानगी आलीय का (म्हाडा कॉलन्यांत २०१८ पासून ती म्हाडाचाच विभाग देतो, महापालिका नाही). ठरावाच्या जोरावर कुणी पाच-सात लाख जास्त मागत असेल तर मी तरी देणार नाही. म्हाडाचं ऑफर लेटर आणि पैसे भरल्याची पावती दिसली तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही.

बिल्डिंग रिकामी होऊन बिल्डरकडून भाडं सुरू झाल्यावर रूम विकायला निघाली असेल तर तुम्ही घर घेत नाही आहात, यादीतली एक जागा घेताय. बँका इथे शक्यतो हात वर करतात. भाडं बंद पडलंय का, बिल्डर बदललाय का, हे बघा. अशा रिकाम्या प्लॉटच्या पत्र्याबाहेर उभं राहून रोज सकाळी आमचे एक ओळखीचे आजोबा आपला तिसरा मजला कुठे होता ते बोटाने दाखवतात, सात वर्षं झाली.

मी स्वतः असं धरून घेतलं की रिडेव्हलपमेंट होणारच नाही, याच २३० फुटांत पोरगी दहावी करणार. त्या हिशोबाने भाव पटला तर घ्या.

टोकन ते चावी

टोकन चेकने किंवा ऑनलाइन, आणि पावतीवर लिहून घ्यायचं की कागद साफ न निघाल्यास किंवा बँकेने लोन नाकारल्यास अमुक दिवसांत पूर्ण रक्कम परत. माझ्या पहिल्या पावतीवर हीच ओळ नव्हती. रोख मागतील, "बारा लाख कॅशमध्ये द्या, स्टॅम्प वाचेल तुमचाच". घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं कायद्यात बसत नाही, आणि रोख दिलेल्यावर लोनही मिळत नाही, मग वाचलं काय? शिवाय स्टॅम्प ड्युटी कराराची किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दराची) किंमत यातल्या जास्तीच्या रकमेवर लागते.

किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस तुम्हाला कापायचाय, विकणाऱ्याला नव्हे. ५५ लाखांवर ५५ हजार, हे त्याच्या पैशातून कापून त्याच्या पॅनवर भरायचे, कापल्याचा महिना संपल्यापासून ३० दिवसांच्या आत. विकणारा परदेशात राहणारा असेल तर हा आकडा खूपच मोठा होतो आणि पद्धतही वेगळी, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय रुपया देऊ नका.

करारावर सह्या झाल्या की चार महिन्यांत रजिस्टर करायचा, पण कुणी तेवढं थांबू नये, सह्या आणि रजिस्ट्रेशन शक्यतो एकाच दिवशी. निबंधक ऑफिसात दोन साक्षीदार, सगळ्यांचं आधार-पॅन, अंगठे, फोटो. लग्नाच्या हॉलसारखी गर्दी असते, जेवून जा. मग रजिस्टर्ड करार बँकेला, बँक चेक काढणार, आणि चेकच्या दिवशी ताबा. विकणाऱ्याचं आधीचं लोन असेल तर तुमची बँक त्याच्या बँकेला थेट पैसे देते, त्याच्या हातात नाही, आणि मूळ कागदांची यादी आधी लेखी घ्यायची, एकेक टिक करत.

चावी घेताना लाइटच्या मीटरचा फोटो काढा, पाइप गॅसचं शेवटचं बिल घ्या, ताबा पत्रावर सही घ्या आणि कुलूप त्याच संध्याकाळी बदला. विकणाऱ्याच्या भाच्याकडे एक चावी असते नेहमी.

नंतरची किरकोळ वाटणारी कामं

सोसायटीत ट्रान्सफरचा अर्ज, लाइटबिल, गॅस, म्हाडाचं रेकॉर्ड लागू असेल तिथे तिथलं नाव, आणि नॉमिनेशन, हे तर पहिल्याच महिन्यात भरा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे बिल येत नाही म्हणून लोक तिथलं नाव बदलायचं विसरतात. बदलून घ्या.

शेअर सर्टिफिकेट ट्रान्सफर व्हायला कमिटीची मीटिंग लागते. माझ्या वेळी गणपती आले, मग दिवाळी, मग सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न. चौथ्या महिन्यात ते स्वतः वर घेऊन आले. मी पुढची बाजू बघितलीच नाही, उलटं करून सरळ मागचा तक्ता बघितला. व्हाइटनरच्या खाली एक ओळ सोडून पाचव्या ओळीत माझं नाव, वेलांटी चुकलेली. त्यांना तिथेच बसवलं, चुकलेल्या अक्षरावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर नाव आणि दोघांच्या सह्या. व्हाइटनर लावू दिला नाही.